जुनं टपाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत एक कार्ड सापडलं. फिकट तपकिरी, कोपऱ्यात व्हिक्टोरिया राणी, वर इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’. शिक्का पुसट, मजकूर मोडीत. साल कसं कळेल? आणि विकलं तर किती येतील? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी साल. पैशांचं नंतर बोलू, तेही नाइलाजाने.

कार्डाची कल्पना ऑस्ट्रियाची, 1 ऑक्टोबर 1869 ची. वर्षभरात विलायतेत कार्ड आलं आणि आपल्याकडे 1 जुलै 1879 ला. त्यावरचा ‘ईस्ट’ हा शब्द 1899 मध्ये गळाला. म्हणजे तुमचं कार्ड छापलं गेलं ते या वीस वर्षांत. छापलं, असं मुद्दाम म्हणतोय. विकत घेतलेलं कार्ड कोनाड्यात पडून राहायचं आणि गरज पडेल तेव्हा टाकलं जायचं.

लिहिल्याचं साल मोडीतच शोधावं लागेल. मजकुराच्या आरंभी किंवा शेवटी ‘मिती’ असते. समजा, ‘श्रावण शुद्ध 5 शके 1811’ असं निघालं, तर शकात 78 मिळवा : 1889. महिना माघ-फाल्गुन असेल तर 79. पौष असेल तर जुनं पंचांग उघडण्यावाचून गत्यंतर नाही. बरेचजण नुसती तिथी लिहून मोकळे होत. वाचणाऱ्याला साल ठाऊकच असायचं! मग शिक्क्यांकडे वळा. टाकल्या गावाचा एक आणि पोचल्या गावाचा एक, असे सहसा दोन असतात. कार्ड तिरप्या उजेडात धरून भिंगातून पाहा, एखादा तरी लागतो.

आता दर. हे कार्ड पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं. तेव्हा साध्या पत्राला अर्धा आणा पडे. कराची असो की कलकत्ता, हशील तेच, आणि हा दर 1922 पर्यंत टिकला. मग तो दुप्पट, अर्धा आणा झाला. त्रेचाळीस वर्षं न वाढलेला दुसरा सरकारी दर मला तरी आठवत नाही. गंमत म्हणजे ही कार्डं लंडनला डी ला रू कंपनीत छापली जात. नाशिकचा सरकारी छापखाना आला 1920 नंतर. त्यामुळे म्हैस व्याल्याची बातमी ज्या कार्डावर सातारा जिल्ह्यात फिरली, ते बोटीने समुद्र ओलांडून आलेलं असायचं. आणि मोडी अशी, की हात न उचलता लिहिलं तर अख्ख्या घराचं क्षेमकुशल तेवढ्या जागेत मावे.

किंमत : राणीची पाव आण्याची कार्डं अमाप निघाली, म्हणून तुमच्या अपेक्षेपेक्षा कमीच येईल. तेव्हा आधी मोडी वाचून घ्या. राणीचा चौकोन कापून वहीत चिकटवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

प्रश्न : रविवर्मा प्रेसचं लक्ष्मीचं चित्रकार्ड आहे. आजोबांच्या काकांनी देवीच्या पायाशीच मजकूर खरडलाय, मागे पत्त्याखेरीज काही नाही. असं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : काकांना दोष देऊ नका, नियमच तसा होता. कार्डाची एक बाजू फक्त पत्त्यासाठी. तिथे मजकूर चालत नसे. मग चित्राच्या कडेला उरलेल्या पट्टीतच ‘कृपालोभ असावा’ बसवावं लागे. पाठीवर मध्ये रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, ही सवलत विलायतेत 1902 मध्ये मिळाली, इतर देशांत त्यानंतर. म्हणून रेघ नसलेली पाठ हे जुनेपणाचं चांगलं लक्षण. रविवर्मा प्रेस 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कार्डावर गावाचं नाव छापलेलं असेल तर कळवा.

प्रश्न : जोडकार्ड म्हणजे काय? – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : एकमेकांना जोडलेली दोन कार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, उत्तरासाठी, त्याचाही हशील आपणच भरलेला. आपल्याकडे 1890 मध्ये निघालं. उत्तराला टाळाटाळ करणाऱ्या जावयांसाठी उत्तम. दोन्ही भाग अजून जोडलेले असतील तर ते जास्त दुर्मीळ, कारण उत्तर पाठवताना दुसरा भाग फाडावाच लागे.