शिबिराहून आल्यापासून पोरगी अशी का वागते?

फेब्रुवारीच्या शेवटी एका आईचा फोन आला. "मॅडम, तिला त्या शिबिराला पाठवलं, तिथंच चुकलं आमचं. आल्यापासून पुस्तक उघडत नाही. आंघोळीला गेली की पाच मिनिटांत बाहेर. जेवताना मध्येच ताट बाजूला सारते. परीक्षा तोंडावर आलीय."

मी समुपदेशक. कॉलेजांची हिवाळी शिबिरं उरकली की असे दोन-चार फोन मला दरवर्षी येतात. समाजसेवेच्या नादानं मुलांचं शिक्षण मागे पडेल का, हीच काळजी सगळ्यांची. या मुलीची हकिगत तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीनं सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कॉलेजचं आणि गावाचं नाव देत नाही.

मुलगी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे सगळे म्हणतात त्या एनएसएसची, स्वयंसेविका. शिबिर सात दिवसांचं, पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावात. तो भाग पर्जन्यछायेतला. सीताफळ आणि अंजीर पिकतं, पण पिण्याच्या पाण्याची ओढ. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी गटचर्चा आणि गाणी. त्यातला एक दिवस घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचा.

ती पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसली होती. झोप, भूक, मैत्रिणींशी बोलणं, जगावंसं न वाटणं, हे सगळं मी आधी सरळ विचारून घेतलं. हे विचारल्याशिवाय पुढं जायचं नसतं. पहाटे जाग येते एवढंच तिनं सांगितलं. कॉलेजला जात होती, हसतही होती. ज्यांच्या घरी मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ झोपत नाही, जेवत नाही, कशातच रमत नाही किंवा मरणाचं बोलतं, त्यांनी माझ्यासारखीचा लेख वाचत बसू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करावा. या मुलीचं तसं नव्हतं. तिच्या मनात एकच प्रसंग अडकून बसला होता.

गावठाणापासून लांब एका वस्तीवर अकरा घरं. ती आणि तिची मैत्रीण फॉर्म घेऊन तिथं गेल्या. एका आजींच्या ओसरीवर बसून प्रश्न विचारले: घरात माणसं किती, शेळ्या किती, कोंबड्या किती, शौचालय आहे का, पाणी कुठून आणता. आजींनी चहा दिला. त्या चहाचं पाणी हातपंपावरून आलेलं, आणि हातपंप पार उताराखाली. फॉर्म भरून झाल्यावर आजी म्हणाल्या, "गेल्या साली बी पोरी आल्त्या. त्यांनी बी लिवून न्हेलं. मग पानी कवा येनार?"

आणि ही म्हणाली, "येईल आजी. मी बघते."

"मी बघते" हे दोन शब्द उच्चारताना तिचा आवाज अगदी बारीक झाला. ते फॉर्म पुढं कॉलेजच्या ऑफिसातल्या कपाटात गेले. अहवालात वस्तीचं एक वाक्य आलं, शेजारी फोटो. तिला प्रमाणपत्र मिळणार होतं. "मॅडम, मी आजींना फसवलं. बादलीत पाणी पडताना बघते ना, तेव्हा त्यांचा हंडा दिसतो."

इथं माझं चुकलं. मी तिला म्हटलं, "अगं, पाणी आणणं ही तुझी जबाबदारी नाही. ते शासनाचं काम आहे. तू एकोणीस वर्षांची आहेस." वाक्य खरं होतं, पण तिला त्याचा काही उपयोग नव्हता. तिनं मान हलवली, घड्याळाकडं पाहिलं, आणि पुढची वेळ न घेता निघून गेली. तिच्या मनाचं ओझं उतरवायच्या घाईत मी तिचा शब्दच खोटा ठरवला होता. पुढच्या आठवड्यात मीच फोन केला आणि हे तिला कबूल केलं. मग ती पुन्हा आली.

अशा वेळी मुलांच्या मनातली टोचणी हा आजार आहे असं आपण धरून चालतो, आणि ती कशी घालवावी या विचाराला लागतो. मला हे पटत नाही. कुणाच्या तरी ओसरीवर बसून त्याच्या संसाराची मोजदाद लिहून आणली की ती उसनवारी असते. उसनं घेतलेलं परत करावंसं वाटणं हे निकोप मनाचं लक्षण आहे. अडचण एवढीच होती, की आपल्यावर नक्की देणं किती, हे तिला ठाऊक नव्हतं. ती सगळं पाणीच देणं लागते असं समजून बसली होती. एवढं मोठं देणं डोक्यावर घेतल्यावर माणूस हात-पाय गाळून बसणारच.

म्हणून दुसऱ्या बैठकीत मी तिला कागद दिला. म्हटलं, तू कॉमर्सची आहेस, खातं मांड. आजींनी तुला काय दिलं? तिनं लिहिलं: पाऊण तास, चहा, खरी माहिती, विश्वास. आता त्यातलं तुझ्या हातानं परत करता येईल असं काय? बराच वेळ ती पेन चावत बसली. मग लिहिलं: "माहितीचं काय झालं ते सांगणं." तिनं खाली रेघ मारली. त्या दिवशी पहिल्यांदा ती खुर्चीत मागे रेलून बसली.

थोडं एनएसएसबद्दल सांगते, कारण पालकांना वाटतं तो फक्त झाडू मारण्याचा कार्यक्रम. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थी घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर असं तिचं माप. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हे ब्रीद. एका गावाशी सलग नातं ठेवावं, ही यामागची अपेक्षा. आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी जोडणारे उपक्रम क्रेडिटसाठीही आले आहेत. म्हणजे गावात जाणारी मुलं वाढणार, फॉर्म वाढणार, आणि ओसरीवर चहा करणाऱ्या आजींचं कामही वाढणार.

गाव 'दत्तक' घेतलं, असं कॉलेजं म्हणतात. हा शब्द मला नेहमी खटकतो. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहातली पोरं जेवावीत म्हणून साध्या शेतकऱ्यांनी धान्य दिलं, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्याकडं शिक्षण गावांनी उभं केलेलं आहे. गावाला मांडीवर घेण्याइतके आपण मोठे नाही. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिला हसू आलं. म्हणाली, "म्हणजे आजींनीच मला दत्तक घेतलं म्हणायचं."

पुढचं काम तिनं आणि मैत्रिणीनं केलं. माझा वाटा फक्त तिला रविवारचे दोन तास आखून देण्याचा होता. बाकीचे दिवस अभ्यासाचे. मनाला ठरलेली वेळ मिळाली की उरलेला दिवस मोकळा होतो, हा माझा बऱ्याच मुलांबाबतचा अनुभव आहे. इथंही तसंच झालं. पुस्तक उघडलं गेलं.

कार्यक्रम अधिकाऱ्यांची परवानगी काढून दोघींनी कपाटातून अकरा घरांचे फॉर्म बाहेर काढले. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट घरात नळानं माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्यांनी शोधून काढलं. आजींच्या घरात चार माणसं, म्हणजे २२० लिटर. प्रत्यक्षात रोज सहा हंडे, पंधरा-पंधरा लिटरचे. नव्वद लिटर, त्यात शेळ्याही. अशी अकरा घरांची बेरीज एका पानावर आली. नावं गाळली, घर क्रमांक एक, दोन, तीन असंच ठेवलं, कारण कुणाच्या घरी शौचालय नाही हे चव्हाट्यावर आणायचा आपल्याला हक्क नाही. हे तिला आपणहून सुचलं, याचा मला फार आनंद झाला.

मार्चच्या एका रविवारी दोघी एसटीनं गेल्या. फार भ्यायली होती ती. आजी रागावतील, दार लावून घेतील, असं तिला वाटत होतं. जाण्याआधी आम्ही एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं: "आजी, मी 'बघते' म्हणाले होते, पण पाणी आणणं माझ्या हातात नाही. तुम्ही जे सांगितलंत ते असं मांडलंय."

आजींनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि सुनेकडं दिला. सून दहावी शिकलेली. तिनं मोठ्यानं वाचलं. नव्वद लिटरचा आकडा ऐकून शेजारची बाई म्हणाली, माझ्याकडं तर पाचच हंडे. तिथंच बायकांचा हिशेब सुरू झाला आणि या दोघी नुसत्या ऐकत बसल्या.

ग्रामसभेत आपण उभं राहून हे मांडावं, असं मुलीच्या मनात होतं. मी तिला थांबवलं. ग्रामसभा गावच्या मतदारांची. तिथं बाहेरून आलेल्या विद्यार्थिनीनं बोललं तर बातमी तिची होते आणि वस्ती मागं राहते. शिवाय ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहेच. त्या सभेत सुनेनं कागद वाचला. एक मेच्या ग्रामसभेतही तीच उभी राहिली. वस्तीच्या नळजोडणीचा विषय इतिवृत्तात नोंदला गेला. मुलगी त्या दिवशी पुण्यात परीक्षेची तयारी करत होती.

पाणी आलं का, हे सगळेच विचारतात. मी हे लिहितेय तोवर नाही आलं. हातपंप मात्र दुरुस्त झाला. आता धार लवकर लागते. मुलीचा एक विषय राहिला, तो तिनं पुढच्या सत्रात सोडवला. आईला याचं वाईट वाटलं, आणि ते मी समजू शकते. तो विषय राहिला नसता तर मलाही बरं वाटलं असतं. पण पोरगी पुन्हा पोटभर जेवते, हे सांगताना त्या माउलीचा आवाज भरून आला होता.

पालकांना माझी एवढीच विनंती. मूल शिबिराहून गप्प होऊन आलं तर "कशाला गेलास?" असं म्हणू नका. "तिथं कोण भेटलं?" असं विचारा आणि मग मध्ये न बोलता ऐका. शिक्षकांना विनंती थोडी मोठी आहे: मुलांना फॉर्म देताना, परत जाऊन सांगायचा दिवसही त्याच वेळापत्रकात धरा. त्या कॉलेजनं आता तो धरला आहे. फॉर्मच्या माथ्यावर एक ओळही घातली आहे, "या माहितीचं आम्ही काय करू आणि काय करू शकणार नाही." ती ओळ वाचून दाखवल्यावरच पहिला प्रश्न विचारायचा.

या वर्षीच्या शिबिराआधी मुलगी आजींना भेटून आली. नव्या मुली येणार आहेत, त्यांना घेऊन येऊ का, असं तिनं विचारलं. आजी म्हणाल्या, "आन की. पन त्यास्नी म्हनावं, कोंबड्या परत मोजू नका. त्या लिवल्यात. अवंदा दोन कमी झाल्यात, तेवढं खोडा."