ऑइल चुकलं हे खरं, पण इंजिन त्यामुळेच गेलं का?

जुळे सोलापूरच्या एका वाचकांचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यांचा शालेय गणवेश शिवण्याचा छोटा धंदा आहे. दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी त्यांनी साडेनऊ लाखांची पेट्रोल गाडी घेतली. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. फेब्रुवारीत त्यांनी घरीच ऑइल बदली केलं. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असताना ऑइलच्या दुकानदाराने सांगितलं, "आपल्या सोलापूरच्या उन्हाला पातळ ऑइल टिकत नाही, जाडच घाला की." म्हणून यांनी २०डब्ल्यू-५० घातलं. एप्रिलअखेर सहकुटुंब तुळजापूरहून परतताना डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला. उन्हात मुलं, म्हातारी आई. म्हणून चार-पाच किलोमीटर तशीच चालवून तामलवाडीजवळ गाडी थांबवली आणि तिथून टो करून शोरूमला नेली. नऊ दिवसांनी शोरूमचा मेल आला: चुकीच्या ग्रेडचं ऑइल, वंगण बिघडलं, वॉरंटी पूर्ण रद्द, दुरुस्तीचा अंदाज १,४६,००० रुपये. शिवाय तपासणीचे पैसे आणि गाडी उभी ठेवल्याचे रोजचे ३०० रुपये. "चुकीच्या ऑइलमुळे नुकसान झाल्याचं मला मान्य आहे" अशा कागदावर सही केली तर बिलात १५ टक्के सूट मिळेल, असंही तोंडी सांगितलं आहे. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: "वकीलसाहेब, चूक माझी आहे, मग भांडायला काही उरलं आहे का?"

उरलं आहे. पण पत्रात तुम्ही ज्या चुकीवर दोन पानं खर्च केली आहेत, माझ्या मते ती तुमची मोठी चूक नाही. मोठीला तुम्ही दीड ओळ दिली आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आधी सही. करू नका. १५ टक्के म्हणजे साधारण बावीस हजार रुपये, आणि तेवढ्यात तुम्ही अख्खं प्रकरण विकाल. तुम्ही वॉरंटीच्या पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो पाठवलात हे उत्तम केलंत. वेगळं ऑइल घातल्यास वॉरंटी रद्द, असं कंपनीने त्यात लिहिलेलं नाही. शिफारस न केलेल्या ऑइलच्या वापरा'मुळे' झालेलं नुकसान वॉरंटीत बसणार नाही, असं लिहिलं आहे. तुमचा खटला त्या 'मुळे'वर उभा आहे. ऑइल चुकीचं होतं ही एक गोष्ट आणि त्यामुळे इंजिन गेलं ही दुसरी. पहिली तुम्ही कबूल करता, दुसरी कंपनीने सिद्ध करायची. जो मुद्दा मांडतो त्याने तो सिद्ध करावा, हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०४ मागचं तत्त्व आहे. वॉरंटी नाकारण्यासाठी अपवादाचा आधार कंपनी घेते आहे, तेव्हा ते ओझं तिच्याकडे जातं. गाडी वॉरंटीत असताना बिघडली, एवढं मात्र आधी तुम्हाला दाखवावं लागेल.

फारच आग्रह झाला तर त्यांच्या कागदावर सही न करता स्वतःचा मेल करा: "इंजिनात २०डब्ल्यू-५० ऑइल होतं हे खरं आहे. त्यामुळे हे नुकसान झालं हे मला मान्य नाही." दोनच वाक्यं. तिसरं लिहू नका.

आता तुमच्या कागदांमधला सोन्याचा तुकडा. गाडी ताब्यात घेताना शोरूम भरतं त्या कागदाची, म्हणजे जॉब कार्डाची, पहिली प्रत तुम्ही जपून ठेवलीत. गाडी आली त्या संध्याकाळी शोरूमच्याच माणसाने त्यावर लिहिलं आहे: "कूलंट टाकी रिकामी, खाली गळती." कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. नऊ दिवसांनंतरच्या मेलमध्ये त्याचा शब्दही नाही. कूलंट कुठून गळलं? पाण्याच्या पंपातून, नळीतून की रेडिएटरमधून? गळती आधी झाली आणि त्याने इंजिन तापलं, हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं सील म्हणजे गॅस्केट गेलं, असा क्रम असेल तर जाड ऑइलचा त्याच्याशी संबंध जोडायला कंपनीला बरीच कसरत करावी लागेल. जाड ऑइलने मायलेज पडतं, गाडी सुरू करताना ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा आळसावते. पण ते कूलंटची टाकी रिकामी करत नाही.

दुकानदाराच्या 'सोलापुरी उन्हा'बद्दल थोडं, कारण समोरचे वकील यावरच तुम्हाला उलटतपासतील. ऑइलच्या नावातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो आणि त्याची चाचणी शून्याच्या बरीच खाली होते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. बाहेर मे महिन्यात ४३ अंश असोत की जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतली पहाट असो, तापलेल्या इंजिनातलं ऑइल १०० अंशांच्या आसपासच असतं. म्हणजे गावचं ऊन बघून दाटपणा ठरवायचा ही समजूत जुन्या, सैल जुळणीच्या इंजिनांच्या काळातली. तुमच्या नव्या इंजिनातल्या बारीक फटी २० च्या हिशोबाने ठेवलेल्या आहेत. तेव्हा "मी योग्यच केलं" असा पवित्रा घेऊ नका, तो टिकणार नाही. पण दुकानदारालाही पक्षकार करू नका. तोंडी सल्ला सिद्ध करणं कठीण, आणि त्याने विकलेलं ऑइल डब्यावर लिहिलं होतं तेच होतं. त्याच्याशी शत्रुत्व घेण्यापेक्षा बिल घ्या.

आणि बिल घ्या म्हणजे खरं बिल. तुमच्या मेव्हण्यांचा एक मित्र ०डब्ल्यू-२० चं मागच्या तारखेचं बिल द्यायला तयार आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. तो विचार आजच सोडा. जीएसटीच्या बिलांना सलग क्रमांक असतात. फेब्रुवारीच्या मालिकेत एप्रिलनंतरचं बिल घुसडलं की ते उठून दिसतं. त्याहून सोपी गोष्ट प्रयोगशाळा करते. १०० अंशांवर '२०' जातीच्या ऑइलचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतो, '५०' जातीचा १६.३ ते २१.९. हा फरक लपवता येण्यासारखा नाही. खोटं बिल दाखल केलंत तर भारतीय न्याय संहितेची कलमं ३३६ आणि ३४० म्हणजे बनावट दस्त करणं आणि तो खरा म्हणून वापरणं, शिवाय कलम २२९ म्हणजे खोटा पुरावा, यांच्या चौकटीत तुम्ही स्वतःहून जाऊन बसाल. आज तुम्ही फिर्यादीच्या जागी आहात. उद्या आरोपीच्या जागी बसायची हौस कशाला?

आता ती दीड ओळ. लाल दिवा लागल्यावरही चार-पाच किलोमीटर गाडी चालवली. तुमच्या प्रकरणाचा खरा कच्चा दुवा तो आहे. कूलंट गेल्यावर लगेच इंजिन बंद केलं असतं तर कदाचित एखादी नळी नाही तर पंप बदलून सुटला असतात. चालवत राहिल्याने हेड वाकलं, असं कंपनी म्हणेल, आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटण्यासारखं आहे. घरच्यांना भर उन्हात रस्त्यावर उतरवायचं नव्हतं हे मी समजू शकतो. पण ग्राहक आयोगापुढे ती सहानुभूतीची बाब होईल, बचाव होणार नाही. गाडीच्या संगणकात त्या वेळची नोंद बहुधा आहेच, म्हणून "दिवा लागलाच नव्हता" असंही म्हणू नका.

तरी यात एक फट आहे. नकाराच्या मेलमध्ये शोरूमने हे कारण दिलेलंच नाही, फक्त ऑइलचं दिलं आहे. विम्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात सांगितलं की दावा नाकारताना जे कारण पत्रात दिलं नाही, ते कंपनीला नंतर खटल्यात पुढे करता येत नाही. वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, त्यामुळे तो निकाल इथे आपोआप लागू होणार नाही. पण युक्तिवादाला आधार म्हणून तो वापरता येईल, आणि मी तुमच्या जागी असतो तर वापरला असता. म्हणूनच आत्ता शोरूमशी फोनवर वाद घालून त्यांना नवीन कारणं सुचवू नका. जे बोलायचं ते लेखी, आणि थोडकं.

या आठवड्यात करायचं काम एकच आहे, पण ते चुकवू नका: पुरावा हलू देऊ नका. शोरूमला आणि कंपनीला मेल करून, शिवाय स्पीड पोस्टाने पाठवून कळवा की इंजिनातलं ऑइल, उघडलेलं गॅस्केट, पाण्याचा पंप, नळ्या यांपैकी काही फेकू नये आणि संगणकातल्या बिघाडांच्या नोंदी पुसू नयेत. दोन्ही बाजूंच्या हजेरीत ऑइलचे दोन नमुने सीलबंद करा, एक तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे. मिस्त्री लोक म्हणतात तसं ऑइल 'ताकासारखं' पांढरट झालं असेल तर त्यात कूलंट मिसळलं आहे, आणि ती तुमच्या बाजूची खूण आहे. बेअरिंग घासलेली निघाली तर तो खर्च मात्र वेगळा काढून बघावा लागेल, कारण तिथे ऑइलचा संबंध लावता येतो. सोबत एखादा परवानाधारक मोटार सर्वेक्षक नाही तर तंत्रनिकेतनातले यंत्र विभागाचे प्राध्यापक न्या आणि त्यांच्याकडून सहीनिशी अहवाल घ्या. आयोगालाही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली सदोष वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवता येते, पण तोवर भाग शिल्लक तर राहिले पाहिजेत.

गाडी अडवून ठेवण्याबद्दल. ज्याने वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च केलं त्याला मोबदला मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते, असं करार कायद्याचं कलम १७० म्हणतं. म्हणजे तपासणीचे पैसे द्यावे लागतील. ते "हक्क राखून" असं लिहून द्या आणि पावती घ्या. रोजचे ३०० रुपये हा श्रमाचा मोबदला नव्हे. जॉब कार्डामागच्या बारीक अक्षरांत तुम्ही तसं कबूल केलेलं नसेल तर त्यासाठी गाडी अडवता येत नाही. एकत्र तपासणी उरकल्याशिवाय मात्र गाडी तिथून हलवू नका, नाहीतर "बाहेर नेऊन काय केलं कुणास ठाऊक" हे वाक्य त्यांना फुकट मिळेल.

दुरुस्तीची मागणी करणारी लेखी नोटीस शोरूमला आणि कंपनीला पाठवा आणि उत्तराला १५ दिवस द्या. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; कधीकधी शोरूम दाद देत नाही पण कंपनीचं मुख्य कार्यालय देतं. नाहीच जमलं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात शोरूम आणि कंपनी दोघांविरुद्ध तक्रार करा. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी चालतं. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही जिथे राहता तिथे दाखल करता येतं, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्याही. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांच्या मधली असल्याने फी २०० रुपये. वकील सक्तीचा नाही (हे मीच सांगतो आहे याची नोंद घ्या). मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. नकाराच्या मेलची तारीख वहीत लिहून ठेवा.

तक्रारीत 'सेवेतील त्रुटी' हा पाया घ्या. वॉरंटीची अट अन्यायकारक करार म्हणून रद्द करा अशी मागणी जिल्हा आयोगापुढे करू नका, ती कलम ४७ खाली राज्य आयोगाकडे जाते आणि तुमची फाइल उगाच लोंबकळेल. नवी गाडी मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सुशीलकुमार गबगोत्रा प्रकरणात वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग बदलून देण्यापुरती धरली आहे. 'उत्पादन दायित्व' (सदोष वस्तूने केलेल्या हानीची कंपनीवरची जबाबदारी) हे भारदस्त प्रकरणही इथे कामाचं नाही, कारण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. दुरुस्तीचा खर्च, दरम्यानचं गाडीभाडं, त्रासाची भरपाई आणि एसी, स्टीअरिंग वगैरे इतर भागांची वॉरंटी पुन्हा चालू करणं एवढं मागा. ही शेवटची मागणी सर्वांत भक्कम आहे. ऑइलचा आणि एसीचा काय संबंध, याचं उत्तर त्यांना देता येणार नाही. गाडीत तुम्ही गणवेशाचे गठ्ठे नेता म्हणून "हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही" असा आक्षेप येईल. गाडी तुमच्या नावावर आहे, घरासाठी वापरता आणि धंदा पोटापाण्याचा आहे, घाबरू नका.

अमेरिकन व्हिडिओ बघून "घरी ऑइल बदललं तरी वॉरंटी रद्द करता येत नाही असा कायदा आहे" असं तुम्ही शोरूमला सांगितलंत. तो त्यांच्याकडचा १९७५ चा कायदा, आपल्याकडे लागू नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड करताना बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केल्यावर वॉरंटी नाकारण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. पुढे अपिलं झाली, आणि चुकीच्या ग्रेडच्या ऑइलला त्यात संरक्षण नाही. युक्तिवादात तो भाग गाळाच.

पूर्ण १,४६,००० मिळतील असं मी सांगणार नाही. लाल दिव्याचा हिस्सा तुमच्या माथी पडेल. ग्राहक कायद्याच्या कलम ३७ खाली ग्राहक आयोगाने मध्यस्थी सुचवली आणि हेड-गॅस्केटचा खर्च कंपनीने, बेअरिंगचा तुम्ही, अशी वाटणी पुढे आली, तर उठून जाऊ नका. सही करून मिळणाऱ्या बावीस हजारांपेक्षा ते बरंच जास्त असेल.

आणि हो, डब्यात उरलेलं अर्धा लिटर ऑइल मेव्हण्यांच्या बुलेटला घालायचं ठरलं आहे असं लिहिलंत. घालू नका. झाकण घट्ट लावा, बॅच क्रमांक दिसेल असा फोटो काढा आणि डबा कपाटात ठेवून किल्ली स्वतःजवळ ठेवा.