चिनी वैद्यकात पाच तत्त्वांचं संतुलन म्हणजे नेमकं काय?

पाचही तत्त्वं सारखी वीस-वीस टक्के असली की झालं, असं नाहीये ते. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही ती पाच (आपल्या पंचमहाभूतांशी गल्लत नको, यात वायू नाही नि आकाशही नाही) आणि क्रमाने त्यांचे अवयव लिव्हर, हृदय, प्लीहा, फुप्फुसं, किडनी. आता एक चक्र पोसायचं, म्हणजे पाण्याने लाकूड वाढतं, लाकडाने आग, आगीच्या राखेतून माती वगैरे, आणि दुसरं आवरायचं, पाणी आग विझवतं, धातू लाकूड तोडतो. दोन्ही नीट चालू म्हणजे संतुलन.

नेहमीची केस बघा, माणूस सारखा चिडचिड करतोय, भूक मेलीये, पोट फुगतं आणि टेन्शन आलं की जुलाब. तिकडचा डॉक्टर म्हणणार लाकूड मातीच्या डोक्यावर बसलंय, म्हणजे लिव्हर पचन सांभाळणाऱ्या प्लीहेला जास्तच दाबतेय, मग तो नुसतं पचनाचं औषध देत नाही, लिव्हरमधली अडलेली 'ची' (शरीरात वाहणारी जीवनशक्ती) मोकळी करायची आणि प्लीहेलाही बळ द्यायचं असं दोन्हीकडून जातो. चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळापासूनचं शियाओयाओ सान हे जडीबुटीचं चूर्ण यासाठीच देतात, त्यात बाकी मुळ्यांसोबत पुदिना नि आलंपण असतं.

हां, ही लिव्हर-प्लीहा म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती नव्हे, शरीरातल्या कामांचे गट आहेत ते, आणि ही थिअरी लॅबमध्ये सिद्ध झालेली नाही. त्यामुळे खरंच कावीळ वगैरे असेल तर आधी रक्त तपासून घ्या. नेटवरच्या 'तुमचं तत्त्व कोणतं' क्विझ तर निव्वळ टाइमपास.