बेळगाव भागात आरसी मस्टँग डावीकडे पडतं आणि तिसऱ्या मिनिटाला ताकद जाते. मोठी मोटर बसवू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: रिमोटवर उडणारं (आरसी) फोमचं पी-५१ मस्टँग विमान, पंखविस्तार १२०० मिमी, वजन दीड किलो, १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) मोटर, ११×७ प्रॉप (पंखा; व्यास ११ इंच आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे जाण्याचं अंतर, ७ इंच), ४० अँपिअरचा ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारा भाग), ३एस २२०० लिपो (तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी). तक्रारी तीन: हातातून सोडताच डावीकडे झुकतं, वळणात एक पंख अचानक टाकतं, आणि तिसऱ्या मिनिटाला मोटर मंदावते. मोठी मोटर आत्ता बसवू नका. या तक्रारींचं मूळ बहुधा मोटर कमी पडण्यात नाही, विमानाचा तोल, पंखातला पीळ आणि उडवण्याची पद्धत यांत आहे, आणि मोटर वाढवली की वजन आणि डावीकडचा झटका दोन्ही वाढतील.

आधी पंखाचा हिशेब पाहा. पंख मुळाशी २६० आणि टोकाला १४० मिमी रुंद धरला, तर क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर होतं. म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ६२ ग्रॅमचा भार पडतो. शिकाऊ (ट्रेनर) विमानाच्या मानाने हा भार बराच जास्त आहे. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. एप्रिलमध्ये दुपारी ३५ अंश तापमान असताना इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा १४-१५ टक्क्यांनी विरळ असते. तेवढ्याच फेऱ्यांना प्रॉपचा जोर तितकाच कमी मिळतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो) सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. तुमच्या विमानाचा स्टॉल अशा दुपारी सरळ उड्डाणात ताशी ३९ किमीच्या आसपास येईल, आणि ६० अंश कलून घट्ट वळण घेतलंत तर ५५ किमीवर. पंख पडतो तो इथेच. त्यामुळे नवीन विमानाचं पहिलं उड्डाण नेहमी सकाळी आठच्या आत घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आता सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू. पॅकेटवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः काढा. टोकाची रुंदी भागिले मुळाची रुंदी म्हणजे १४०/२६० = ०.५४. यावरून पंखाची सरासरी कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) २०६ मिमी येते आणि ती विमानाच्या मध्यरेषेपासून २७० मिमीवर असते. टोकाची पुढची कड मुळाच्या कडेपेक्षा ६० मिमी मागे असेल, तर २७० मिमीवर ती २७ मिमी मागे असणार. पहिल्या उड्डाणासाठी सीजी या कॉर्डच्या २५ टक्क्यांवर ठेवा: २०६ चे २५ टक्के म्हणजे ५२, त्यात २७ मिळवले की मुळाच्या पुढच्या कडेपासून ७९ मिमी. २८ टक्क्यांच्या मागे जाऊ नका. तुमच्या पंखाची मापं वेगळी असतील तर ती घालून हाच हिशेब पुन्हा करा. पंख खालच्या बाजूला असलेलं विमान उलटं करून तोलायचं, बॅटरी जागेवर बसवून आणि चाकं उडताना असतील तशी ठेवून.

समजा तोल १० मिमी मागे निघाला. १५०० ग्रॅम गुणिले १० म्हणजे १५,००० ग्रॅम-मिमी. सीजीच्या २०० मिमी पुढे शिसं लावायचं तर ७५ ग्रॅम लागेल. त्यापेक्षा १८० ग्रॅमची बॅटरी ८३ मिमी पुढे सरकवा, वजन एक ग्रॅमही वाढणार नाही. मस्टँगचं नाक लांब असल्याने फोम कोरून ही जागा बहुतेक वेळा निघते. सगळी मिळत नसेल, तर उरलेल्यासाठी चाक बॅलन्सिंगच्या दुकानात ५ आणि १० ग्रॅमचे चिकटणारे तुकडे मिळतात, ते फायरवॉलजवळ (मोटर ज्या पाटीवर बसते तिच्याजवळ) लावा. शेपटीकडे दुरुस्तीच्या नावाखाली थापलेला गोंद आणि टेप आधी काढून टाका. तिथला प्रत्येक ग्रॅम नाकाशी तीन ग्रॅम मागतो. प्रॉपच्या शाफ्टला आणि शेपटीला दोरा बांधून विमान टांगा आणि आडवा तोलही बघा. नेहमी एकच पंख खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकाला २-३ ग्रॅम पुरतात.

त्यानंतर पंखातला पीळ. विमान टेबलावर ठेवून मागून, दोन मीटर अंतरावरून, दोन्ही पंखांची मागची कड डोळ्याने जुळवून बघा. गाडीच्या बंद काचेआड उन्हात राहिलेला फोम हमखास वळतो. एका पंखाच्या टोकाची मागची कड दुसऱ्यापेक्षा खाली असेल, तर तो पंख सरळ उड्डाणात वर राहील, पण वेग कमी झाला की आधी तोच स्टॉल होऊन पडेल. ट्रिमने (रेडिओवरच्या बारीक दुरुस्तीने) हा दोष झाकला जातो, जात मात्र नाही. हेअर ड्रायरने फोम सावकाश गरम करा, हाताने थोडा जास्त पीळ द्या आणि थंड होईपर्यंत तसाच धरा. दोन्ही टोकांना २ अंश वॉशआउट (टोकाची मागची कड वर असा पीळ) मिळालं तर उत्तम. १४० मिमीच्या टोकाला ते मागची कड ५ मिमी वर इतकं होतं. एवढी चिकाटी नसेल तर दोन्ही एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरचे हलणारे पट्टे) दीड-दोन मिमी वर उचलून तेच त्यांचं मधलं स्थान करा. वेग किंचित घटतो, पण टोकं आधी स्टॉल होणं बरंच कमी होतं.

हातातून सुटताच डावीकडे झुकणं हे प्रॉपच्या टॉर्कचं काम आहे. प्रॉप मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, विमान उलट दिशेने म्हणजे डावीकडे लोळू पाहतं, आणि वेग नसल्याने एलेरॉनला पकड नसते. पूर्ण थ्रॉटल (मोटरीची ताकद) देऊन फेकू नका. साधारण ७० टक्के ठेवा, नाक क्षितिजावर धरून जोरात सरळ ढकला, दोन सेकंद वेग घेऊ द्या आणि मगच चढवा. चाकांवरून घ्यायचं तर थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळूहळू उघडा आणि सोबत उजवा रडर (शेपटीचा उभा पट्टा) द्या. मोटर उजवीकडे २ ते ३ अंश आणि खाली १ ते २ अंश कललेली हवी. माउंटच्या भोकांमध्ये २५ मिमी अंतर असेल तर १ मिमीचा वॉशर सुमारे २.३ अंश देतो. तपासायचं असं: अर्ध्या थ्रॉटलवर सरळ ट्रिम करा आणि एकदम पूर्ण उघडा. नाक डावीकडे गेलं तर उजवा कल वाढवा, वर गेलं तर खालचा.

सीजीची अखेरची परीक्षा हवेतच होते. उंचीवर जाऊन थ्रॉटल बंद करा, ४५ अंशात नाक खाली घाला आणि एलेव्हेटरची (शेपटीच्या आडव्या पट्ट्याची) स्टिक सोडा. नाक झटकन वर आलं तर तोल फार पुढे आहे. अगदी सावकाश सावरलं तर योग्य. आणखी खाली घुसायला लागलं तर तोल मागे आहे, किंवा एलेव्हेटरची तार वेगात वाकते आहे. दुसरी शक्यता फोमच्या विमानांत नेहमी तपासा. पट्ट्यांची हालचाल अशी ठेवा: एलेव्हेटर वर-खाली १० मिमी, एक्स्पो (मधोमध स्टिक मऊ करणारी रेडिओची सोय) ३० टक्के. एलेरॉन १० वर आणि ६ खाली. एक्स्पोचं चिन्ह रेडिओनुसार बदलतं: मऊ करायला स्पेक्ट्रममध्ये अधिक, फुटाबात उणे. उलटं पडलं तर मधोमध स्टिक भयंकर तिखट होते.

आता ताकद. बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॉटमीटर जोडा, विमान घट्ट बांधा, प्रॉपच्या रेषेबाहेर उभे राहा आणि दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. तुमच्या जोडणीला १०.५ व्होल्टला साधारण ३३ अँपिअर, म्हणजे ३५० वॉट दिसायला हवेत. किलोमागे २३० वॉट होतात. साधं स्केल उड्डाण करायला २२० पुरतात, म्हणून मोटर कमी नाही. मिनिटाला फेरे ८४०० च्या आसपास आले तर ७ इंच पिचला पिचस्पीड (प्रॉप हवेत पुढे सरकण्याचा वेग) ताशी ९० किमी होते, स्टॉलच्या २.३ पट. हेही पुरेसं आहे.

तिसरं मिनिट का, ते आता दिसेल. २२०० चे ८० टक्के म्हणजे १७६० एमएएच. ३३ अँपिअरला ते तीन मिनिटं बारा सेकंदांत संपतात. विमान अस्थिर वाटतं म्हणून तुम्ही स्टिक पूर्ण वर ठेवूनच उडवत असणार. तोल आणि पीळ नीट झाले की ५५-६० टक्क्यांवर आरामात उडेल, सरासरी १८ अँपिअर लागतील आणि पावणेसहा मिनिटं मिळतील. टायमर पाच मिनिटांवर ठेवा.

तरीही लवकर मंदावत असेल तर चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध बघा. या आकाराच्या चांगल्या सेलचा ४ ते ८ मिलिओहम असतो. तिन्ही सेल १५ वर गेले असतील, तर ३३ अँपिअरला दीड व्होल्ट आतच जिरतो आणि जवळजवळ ५० वॉट नुसती बॅटरी तापवण्यात जातात. व्होल्टेज १०.५ वरून ९ वर आलं की फेरे ७२०० च्या जवळ येतात, आणि ताकद फेऱ्यांच्या घनाने बदलत असल्यामुळे ढोबळमानाने ३७ टक्के कमी होते. ९ व्होल्टच्या आसपास बऱ्याच ईएससींचा लो व्होल्टेज कटऑफही (बॅटरी वाचवायला मोटर तोडणारी सोय) लागतो. थ्रॉटल खाली घेतल्यावर मोटर पुन्हा चालत असेल तर तोच आहे. पाकिटावरच्या सी-रेटिंगपेक्षा (बॅटरी किती अँपिअर देऊ शकते त्या आकड्यापेक्षा) हा रोध खरा. एक्सटी६० चा (बॅटरीच्या कनेक्टरचा) सांधा उड्डाणानंतर चटका देत असेल तर पुन्हा जोडा, आणि त्यासाठी ६० वॉटची सोल्डरिंग गन घ्या. २५ वॉटच्याने सांधा वरून चकाकतो आणि आत कोरडा राहतो.

प्रॉप ११ ऐवजी १२ इंच लावायचा मोह आवरा. भार व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, तेवढ्याच फेऱ्यांना ४२ टक्के. फेरे थोडे उतरले तरी ४० अँपिअरचा ईएससी तग धरणार नाही. आणि वॉटमीटरचं माप डिसेंबरच्या सकाळी घ्या, मेच्या दुपारी नाही, कारण थंड, दाट हवेत प्रॉप जास्त अँपिअर ओढतो.

मोटर थांबण्यासोबत सर्वोही (पट्टे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मरत असतील तर तो बीईसीचा (रिसीव्हर आणि सर्वोंना वीज देणाऱ्या भागाचा) दोष आहे. जमिनीवर सगळ्या स्टिक एकदम फिरवा, चाकंही उघड-मीट करा आणि रिसीव्हरचं व्होल्टेज बघा. ४.६ च्या खाली गेलं तर ५ अँपिअरचा वेगळा स्विचिंग बीईसी लावा. नाकातून हवा आत जायला जेवढं भोक आहे, त्याच्या दुप्पट बाहेर जायला हवं, नाहीतर ईएससी गरम होऊन ताकद कापतो. तांबड्या मातीवरून उडवत असाल तर मोटरीत शिरलेली धूळ दर वेळी फुंकून काढा.

जायरो (विमान आपोआप सावरणारं उपकरण) हे सगळं झाल्यावर. मागे तोललेलं विमान जायरोने सरळ उडताना दिसतं, पण स्टॉलला तोही वाचवत नाही, कारण वेग त्याच्या हातात नसतो. लावलाच तर जमिनीवर विमान डावीकडे कलवून बघा, डावा एलेरॉन खाली जायला हवा.

जागेबद्दल: भातकापणीनंतर खानापूरकडची शेतं मोकळी आणि मऊ मिळतात. चिकोडी-निपाणीकडे उसात पडलं तर शोधायला रिसीव्हरला जोडायचा बझर आधीच बसवा. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, शहरात मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे डिजिटल स्कायच्या (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी) नकाशावर तुमचं शेत कोणत्या रंगात येतं ते आधी बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात हिरवा भाग २०० फुटांपर्यंतच असतो, आणि ४५ अंशांची सीजी-चाचणी या उंचीत बसवायची तर थ्रॉटल बंद करून दोन सेकंदांतच वर खेचावं लागेल.