लॉ करायचंय, पण फीचं काय?

प्रश्न: ताई, मी डिचोलीची, बारावी झाली. पाच वर्षांचं लॉ करायचंय पण बाबांना फी झेपणार नाही, काय करू?

उत्तर: अगं, पैशांमुळे लॉ सोडू नकोस! गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, सगळ्यात आधी त्यांच्या ऑफिसात जाऊन ये, आणि ओबीसी असशील तर पोस्ट मॅट्रिक (म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची) स्कॉलरशिपही बघ, ती परत फेडायची नसते म्हणून मला ती जास्त आवडते. मामलेदाराकडून उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ॲडमिशनच्या गर्दीत तो अडकला की फॉर्मची तारीख निघून जाते, खूप मुलं इथंच चुकतात. बँकेचं लोन शेवटी, आणि त्याच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आयकरात सूट मिळते हे बाबांना सांग.