टायमिंग बेल्टचं कव्हर उद्या उघडू देऊ नका

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट बदलला. तेव्हापासून माझी पेट्रोल गाडी सिग्नलला थरथरते, पिकअपही गेलाय. मालक दर वेळी ‘आणा, बघतो’ म्हणतो. दुसरा मिस्त्री म्हणतो, बेल्ट एक दात चुकलाय, उद्या खोलून नीट करतो. बिल नाही, पैसे यूपीआयने दिलेत. फसवणुकीची तक्रार करू का? – एक वाचक, सातारा

मिस्त्रीला आजच फोन करून थांबवा. त्याने बेल्ट काढून नीट बसवला तर गाडी कदाचित सुरळीत चालेल, पण चूक कोणाची होती हे दाखवणारा एकमेव पुरावाही त्याबरोबर जाईल. अशी पत्रं मला सारखी येतात आणि बहुतेकांनी इंजिन आधीच खोललेलं असतं. मग माझ्या हातात काही उरत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(६) प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रं पाहून निर्णय देतो. ‘मिस्त्री म्हणाला’ याला तिथे किंमत नाही. म्हणून आधी गॅरेजला स्पीड पोस्टाने नोटीस द्या: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी इंजिन तपासणार आहोत, हजर राहा, न आल्यास तुमच्याशिवाय तपासणी होईल. सात-आठ दिवसांची मुदत पुरे. तपासणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा परवानाधारक विमा सर्वेक्षकाकडून करून घ्या. जो मिस्त्री पुढे काम करून पैसे घेणार आहे, त्याचं मत दुबळं ठरतं.

खोलण्याआधी स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्राचा, छापील अहवाल घ्या. क्रँक आणि कॅम (टायमिंग बेल्टने जोडलेले इंजिनाचे दोन फिरते दांडे) यांचा मेळ चुकल्याचा पी००१६ कोड निघाला तर संशय बळावतो, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही. सैल राहिलेला सेन्सरचा प्लग किंवा सुटलेला व्हॅक्युम पाइपही इंजिन असंच थरथरवतो, तेही आधी पाहून लिहून घ्या. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. त्यानंतरच कव्हर काढायचं, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पहिल्या सिलिंडरच्या खुणा जुळवायच्या आणि बेल्टला हात लावण्याआधी दोन्ही पुलींच्या खुणांचे फोटो काढायचे. फोटोत नंबरप्लेटही दिसू द्या. तपासणाऱ्याने हे सगळं प्रतिज्ञापत्रावर सांगायला हवं. मोबाइलमधले फोटो आणि चॅट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा.

बिल घेतलं नाहीत, याचा मला राग येतो. सुशिक्षित माणसं हजारोंचं काम पावतीशिवाय करून घेतात आणि मग आयोगापुढे हात चोळत बसतात. तुमचं नशीब, यूपीआयची नोंद आहे. बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा, मालकाचे व्हॉट्सअॅप संदेश पुसू नका. सेवेचं बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे, तक्रारीत तो मुद्दा घ्या.

मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची. ती काम झाल्या दिवसापासून मोजली जाईल असंच धरून चला. मालकाच्या ‘बघतो’ने ती वाढत नाही, तुमच्या नोटिशीनेही नाही. तुमचे सात महिने गेलेच आहेत.

पोलिसांत जाऊन फारसं साधेल असं वाटत नाही. फसवणुकीला सुरुवातीपासूनचा हेतू लागतो, चुकलेलं काम पुरत नाही. भरपाई किती मिळेल, हे मी सांगणार नाही. दुरुस्तीचा खर्च कागदावर असेल तर मागता येतो, मनस्तापाची रक्कम आयोगाच्या मर्जीवर. गॅरेजला दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. कायदा निकालासाठी तीन महिने म्हणतो, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि सामान्य माणूस तिथेच दमतो, हे मला अजिबात मान्य नाही. पण त्या धास्तीने तक्रार लांबवू नका.

तपासणीपर्यंत गाडी उभी ठेवा. मिसफायर होत असताना, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसताना, न जळलेलं पेट्रोल धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, आणि ते नुकसान तुम्ही गाडी रेटल्यामुळे झालं, असं म्हणायला गॅरेजवाल्याला आयतंच निमित्त मिळेल.