बत्तीस एकरांची वाडी आणि तिची माणसे

किर्लोस्करवाडीविषयी वाचकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न साठत गेले होते. ते सुटे सुटे छापण्यापेक्षा एकत्र घेतले, तर एका वसाहतीची जन्मकथा सलग सांगता येईल, असे वाटल्याने या अंकातील सदर तिच्यासाठीच राखले आहे.

प्रश्न : मिरजेहून पुण्याकडे जाताना किर्लोस्करवाडी स्थानक लागते. तेथील जुन्या गावाचे नाव बदलून कारखानदारांचे नाव दिले गेले, की तेथे आधी गावच नव्हते? असल्यास मूळ रहिवासी कोण? — एक वाचक, मिरज

गाव नव्हते; होते ते रेल्वेचे स्थानक, आणि त्याचे नाव कुंडल रोड. स्थानकाच्या नावात ‘रोड’ हा शब्द दिसला की जाणत्या प्रवाशाने समजावे, गाव येथे नाही, उतरून पुढे बरेच चालायचे आहे. कुंडल हे जुने गाव औंध संस्थानात होते. हे संस्थान सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि मध्ये इंग्रजांचा मुलूख, अशी त्याची ठिगळे पडली होती. त्यातल्या कुंडलाच्या ठिगळात, स्थानकालगत ३२ एकरांचा माळ पडून होता. निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट असलेला, पाण्यावाचून कोरडा असा तो माळ कसणाऱ्यानेही सोडून दिलेला होता. १० मार्च १९१० हा वाडीचा स्थापनादिन मानतात. त्या सुमारास किर्लोस्करांच्या बेळगावच्या कारखान्यातले २५ कामगार आपापली बायकामुले घेऊन या माळावर राहायला आले. हेच वाडीचे मूळ रहिवासी.

आपल्याकडे गाव म्हटले की त्याला पांढरी आणि काळी असते. पांढरीवर घरे, काळीत शेते. पाटलाचे, कुलकर्ण्याचे वतन आणि गावगाड्यातले बलुतेदार. एखाद्या गावाचा मूळपुरुष कोण, हे सांगताना म्हातारी माणसे पाच-सात पिढ्या सहज मागे जातात. या वाडीला पांढरीच नव्हती. कोणी वतनावर हक्क सांगावा असे काही नव्हते, कारण जो आला तो पगारावर आला. ‘वाडी’ म्हणजे बहुधा एका भावकीची वस्ती. येथे भावकी होती ती हजेरीपटावरची.

नावापुरते सांगायचे तर ‘किर्लोस्कर’ हे आडनाव मालवण तालुक्यातील किर्लोस या गावावरून आले. घराण्याची एक शाखा घाट चढून बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे स्थायिक झाली. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर तेथलेच, आणि २० जून १८६९ रोजी जन्मलेले, या वाडीचे संस्थापक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करही तेथलेच. कोकणातल्या एका खेड्याचे नाव कानडी मुलखाचा वळसा घेऊन शेवटी कृष्णाकाठच्या प्रदेशातील एका स्थानकाच्या पाटीवर लागले, असा हा प्रवास आहे.

प्रश्न : लक्ष्मणरावांचा कारखाना आमच्या बेळगावात चांगला चालू होता, असे ऐकतो. मग ते गाव सोडून इतक्या लांब का गेले? औंधच्या राजांचा यात संबंध काय? — एक वाचक, बेळगाव

ते हौसेने गेले नाहीत. कारखाना ज्या जागेवर होता ती जागा शहराच्या विस्तारासाठी हवी असल्याचे बेळगाव नगरपालिकेने कळवले आणि लक्ष्मणरावांना ती सोडावी लागली. तोवर त्यांच्या आयुष्यात अशी वळणे बरीच येऊन गेली होती. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तर काही रंगच नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. तेव्हा रंग सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. ती नोकरी सोडून भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलींच्या दुकानात लक्ष घातले, आणि त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर निघाले.

या नांगराने सुरुवातीला मालकालाच नांगरून काढले, असे म्हणायला हरकत नाही. आपला परंपरागत नांगर लाकडाचा. लोखंड असे ते फाळापुरते. अख्खा नांगर लोखंडाचा केला तर जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले मोजके नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला यात अडाणी ठरवण्याची घाई आपण करू नये. पदरात असलेला एकुलता एक जमिनीचा तुकडा कोणी एका दुकानदाराच्या शब्दावर पणाला लावत नाही. शेजाऱ्याच्या रानात पीक बिघडले नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच तो नांगर घेणार.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. पुढे सूर्यनमस्कारांच्या प्रसारामुळे आणि औंधच्या चित्रसंग्रहालयामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. बेळगावची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि वर १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जागा कुंडल रोड स्थानकाजवळची होती, हे महत्त्वाचे. कच्चे लोखंड आणि कोळसा बाहेरून यायचा, तयार नांगर बाहेर जायचे. बेळगाव, मिरज आणि कुंडल रोड ही स्थानके एकाच मीटरगेज मार्गावर होती. भट्टीचे सामान आणि यंत्रे बैलगाडीने हलवायची असती, तर हा कारखाना बहुधा बेळगावातच संपला असता.

प्रश्न : माझे आजोबा वाडीत कामाला होते. कारखान्याचे राखणदार म्हणजे शिक्षा भोगलेले दरोडेखोर होते, असे ते सांगत. आम्हां नातवंडांना ती गोष्टच वाटे. यात तथ्य किती? — एक वाचक, इस्लामपूर

आपल्या आजोबांनी गोष्ट रचली नव्हती. तुकाराम रामोशी आणि पिर्‍या मांग ही त्या दोन राखणदारांची नावे. दोघेही दरोड्यासाठी शिक्षा झालेले, आणि दोघांच्याही हाती लक्ष्मणरावांनी वाडीची राखण सोपवली.

या गोष्टीची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. जुन्या गावगाड्यात राखणदारी हे बहुतेक ठिकाणी रामोश्यांचेच वतनी काम होते. मांगांकडेही ते काही गावी असे. गावात चोरी झाली तर माग काढून देण्याची जबाबदारी त्यांची, आणि त्याबद्दल गावाकडून त्यांना धान्य मिळे. इंग्रजी अमलात ही व्यवस्था मोडत गेली. वतनाचे काम गेले आणि जातीवरचा संशय तेवढा मागे राहिला. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने गाव राखले त्याच्याकडेच पोलीस चोर म्हणून पाहू लागले. म्हणून वतन नसलेल्या या वाडीने जेव्हा एका रामोश्याला आणि एका मांगाला राखणीवर बसवले, तेव्हा त्यात धाडस होतेच, पण एक जुना हिशेबही नकळत चुकता झाला. फरक एवढाच की आता मोबदला सुगीच्या धान्याचा नव्हे, महिन्याच्या पगाराचा होता. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. याच औंध संस्थानाने पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. ती वाडीमुळेच निघाली असे म्हणता येणार नाही, पण मुलूख एकच होता आणि राजाही तोच.

राखणदारांची गोष्ट लक्षात राहते, कारण ती नाट्यमय आहे. पहिल्या फळीतील इतर माणसेही, खरे पाहता, जगाने नापास केलेलीच होती. के. के. कुलकर्णी यांना परीक्षांनी कधी साथ दिली नाही; वाडीत मात्र ते आपल्या हसतमुख स्वभावाच्या बळावर व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडली होती. ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. शंभूराव जांभेकर पडेल ते काम अंगावर घेणारे, हरहुन्नरी यंत्रज्ञ. मंगेशराव रेगे लेखनिक होते आणि हिशेबनीसही. वाडीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे होता. यांपैकी एकालाही आजच्या एखाद्या कंपनीच्या मुलाखतीत पहिली फेरी पार करता आली असती, असे मला वाटत नाही. लक्ष्मणराव प्रमाणपत्र न पाहता माणसाचा हात कशावर बसतो ते पाहत, आणि स्वतः रंग न ओळखता आल्यामुळे चित्रकलेतून बाहेर पडलेल्या माणसाला ही दृष्टी असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

प्रश्न : ओगलेवाडीसुद्धा अशीच बसली का? — एक वाचक, कराड

होय, जात एकच. ओगले बंधूंचा काचेचा कारखाना, त्यातून निघालेला प्रभाकर कंदील आणि भोवती वाढलेली वस्ती, असा तेथला क्रम आहे. रेल्वेमार्गही तोच आणि पाठीशी औंधचे पंतप्रतिनिधीही तेच. आपले कराडचे स्थानक त्या ओगलेवाडीतच आहे.

प्रश्न : आजीच्या पेटीत ‘स्त्री’ मासिकाचे जुने अंक सापडले. त्यांवर पत्ता किर्लोस्करवाडीचा आहे. नांगरांच्या कारखान्यातून बायकांचे मासिक कसे काय निघाले? — एक वाचक, पुणे

अंक जपून ठेवावेत. किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली ती १९२० मध्ये, आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू झाले. हेतू साधा होता : मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर, म्हणजेच ‘शंवाकि’, हे लक्ष्मणरावांचे पुतणे. त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, आणि अशा माणसाच्या हाती नुसते जाहिरातपत्र फार दिवस जाहिरातपत्र राहत नाही. ‘खबर’चे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे लेख ‘किर्लोस्कर’मधूनच महाराष्ट्रभर वाचले गेले. पुढे मासिकांचे बिऱ्हाड पुण्याला हलले. आपल्या आजींचे अंक त्याआधीचे आहेत : शेजारी भट्टीत नांगराचे फाळ ओतले जात असताना, त्याच वाडीत जुळवलेले, छापलेले आणि तेथल्याच टपाल कचेरीतून रवाना झालेले.

प्रश्न : १९४८ मध्ये वाडी जळाली होती, हे खरे का? — एक वाचक, सांगली

होय. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करांच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. भोवतालच्या खेड्यांतील कितीतरी घरांची चूल याच कारखान्यावर पेटत होती, म्हणून ही आग इतर जाळपोळीपेक्षा वेगळी ठरते. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. तोवर त्यांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून परतल्याला दोन दशके उलटली होती, आणि घराण्याचे उद्योग हरिहर, बंगळूर व पुणे येथे पसरले होते. वाडी सोडून द्यायची असती, तर जायला जागा होत्या. तरी कारखाना तेथेच पुन्हा उभा राहिला आणि पंप तेथे आजही तयार होतात. औंध संस्थान मात्र त्याच वर्षी ८ मार्चला मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या राजाने माळ दिला त्याचे राज्य संपले, तेव्हा वाडीला ३८ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते.